सतरंज्या उचलू नका, ग्रामसभेत उभे राहा!

दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातील गावोगावच्या वस्त्या ओस पडतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी कोयत्याच्या जोड्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला निघून जातात, त्या कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत परतत नाहीत. वस्तीत उरतात म्हातारेकोतारे, काही लहान लेकरे आणि महाविद्यालयात शिकणारी मुले-मुली. याच काळात २६ जानेवारी येते. झेंडावंदन होते, ग्रामसभेची घंटा वाजते, घरकुलाची यादी वाचली जाते, वस्तीच्या निधीचे ठराव मांडले जातात आणि इतिवृत्तावर सह्या होतात. ज्यांच्या नावाने हा निधी येतो ते मायबाप मात्र त्या वेळी कुठल्यातरी फडात मोळ्या बांधत असतात. आमचा प्रश्न साधा आहे. त्या दिवशी वस्तीच्या वतीने बोलायचे कोणी?

आमचे स्पष्ट मत आहे की, हे काम महाविद्यालयात शिकणाऱ्या तरुणाचे आणि तरुणीचे आहे. १८ वर्षे पूर्ण झाली आणि गावच्या मतदारयादीत नाव लागले की तो ग्रामसभेचा सदस्य झाला. त्यासाठी अर्ज लागत नाही, पुढाऱ्याची चिठ्ठी लागत नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ ने हा हक्क त्याला दिलेला आहे. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च व्हायला हवी. ती कोठे खर्च झाली, हे विचारण्याचा त्याला अधिकार आहे. ऊसतोड कामगारांची नोंदणी करून त्यांना ओळखपत्र देण्याचे काम ग्रामसेवकाचे आहे. आपल्या आईबापाचे नाव त्या नोंदीत आहे काय, हे तो विचारू शकतो. उत्तर मिळाले नाही तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज टाकू शकतो. २००५ च्या कायद्याने तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक केले आहे.

पण आमचा विद्यार्थी आज कोठे दिसतो? तो राजकारणात नाही असे कोणी म्हणू नये. तो राजकारणात आहेच! पुढाऱ्याच्या मोटारसायकल फेरीत तो आहे, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर कोपऱ्यातल्या फोटोत आहे, सभेच्या आधी सतरंज्या अंथरायला आणि सभेनंतर त्या उचलायला आहे. मोबाईलवर एका नेत्याची बाजू घेऊन दुसऱ्याच्या कार्यकर्त्याला शिव्या घालायलाही आहे. फक्त जेथे निर्णय होतो त्या बैठकीत तो नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी इशारा दिला होता की, राजकारणातील विभूतिपूजा देशाला हुकूमशाहीकडे घेऊन जाते. तो इशारा दिल्लीपुरता नव्हता. तालुक्याच्या पुढाऱ्यापुढे वाकणाऱ्या मानेलाही तो लागू आहे, आणि त्यात आमच्याच गटातटांचे पुढारीही आले. म्हणून विद्यार्थ्याने राजकारणात यावे की नाही, हा वादच व्यर्थ आहे. त्याने तेथे नागरिक म्हणून यावे की पुढाऱ्याचे गर्दीतले एक डोके म्हणून, हा खरा प्रश्न आहे.

यावर घराघरांतून एक उत्तर येते. आई म्हणते, ‘बाळा, आधी शीक, नोकरीला लाग, मग काय ती चळवळ कर.’ जिचे हात उसाच्या पाचटाने चिरलेले आहेत त्या माऊलीच्या या बोलण्याची थट्टा करण्याचा अधिकार कोणालाही नाही. अभ्यास बुडवून घोषणा देत फिरा, असे आम्ही कधीही सांगणार नाही. परंतु ज्या शिष्यवृत्तीवर पोरगा शिकतो ती कोठून आली, हेही घरात बोलले गेले पाहिजे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली, तेव्हा बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. आपला माणूस निर्णयाच्या जागी बसला म्हणजे काय होते, याचे याहून मोठे उदाहरण कोणते?

आणि त्या पदवी प्रमाणपत्राच्या माथ्यावर जे नाव छापलेले असते ते तरी फुकट मिळाले काय? मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजी केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. पोचीराम कांबळे यांचा बळी गेला. १९७९ साली जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँगमार्च निघाला. १९९३ साली नांदेडच्या गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. तेव्हा कोठे १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. एका ठरावाची अंमलबजावणी व्हायला सोळा वर्षे लागली! बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगावच्या महाविद्यालयांतून आज जो विद्यार्थी बाहेर पडतो तो याच विद्यापीठाची पदवी घेऊन पडतो. त्या सोळा वर्षांच्या लढ्यात रस्त्यावर उतरलेल्यांत विद्यार्थ्यांची संख्या मोठी होती. ‘आधी नोकरी’ असे म्हणून तेही सगळे घरी बसले असते तर?

भीतीचे दुसरे कारण ताजे आहे. १० डिसेंबर २०२४ रोजी शेजारच्या परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या धरपकडीत कायद्याचा विद्यार्थी असलेल्या सोमनाथ सूर्यवंशीला अटक झाली, आणि १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना त्याचा मृत्यू झाला. त्याच्या आईने हार मानली नाही. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ४ जुलै २०२५ रोजी या प्रकरणी गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले, तेथेही ३० जुलैला सरकारला नकार मिळाला. असे असूनही वस्तीवस्तीतल्या आईबापांच्या मनात धास्ती बसली आहे, आणि ती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही.

वकिलीच्या अनुभवातून आम्हाला एवढेच सांगायचे आहे की, कायदा माहीत नसला की भीती दुप्पट होते. मोर्चाला जाण्याआधी परवानगी आहे काय, जिल्ह्यात मनाई आदेश लागू आहे काय, हे विचारून घ्यावे. अटक झालीच तर अटकेचे कारण समजण्याचा, आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे हजर केले जाण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २२ ने दिलेला आहे. ‘एकदा केस लागली की सरकारी नोकरी कायमची गेली’ असे गावोगाव सांगितले जाते. तेही पूर्ण खरे नाही. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या २०१६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तरुण वयातील घोषणाबाजीसारखे किरकोळ प्रकरण आणि गंभीर गुन्हा यांत स्पष्ट फरक केला आहे. अंगाशी येते ती बहुधा पडताळणीच्या फॉर्ममध्ये केलेली लपवाछपवी. म्हणून माहिती दडवू नये, वकिलाला विचारून फॉर्म भरावा. आणि ग्रामसभेत प्रश्न विचारणे, माहितीचा अर्ज टाकणे, मतदार नोंदणी करणे हे तर गुन्हे नाहीतच! ते नागरिकाचे रोजचे काम आहे.

हे काम शिकवण्याची पहिली शाळा महाविद्यालयच असायला हवी होती. पण तेथली शिडी आधीच काढून घेतली गेली. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी परिषदेत थेट निवडणुकीऐवजी वर्गात पहिला येणाऱ्याची नेमणूक आणली. निवडणुकांतील गुंडगिरीचे कारण पुढे केले गेले, आणि ती गुंडगिरी खरीही होती. पण रोगाबरोबर रोगीही मारला गेला. घरात पहिल्यांदाच शिकणारा, सुट्टीत रोजाने जाणारा विद्यार्थी टक्केवारीच्या या चाळणीतून वर येणार कसा? २००६ साली लिंगडोह समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने लागू केल्या. उमेदवाराच्या खर्चाला पाच हजार रुपयांची मर्यादा घातली, गुन्हेगारांना मज्जाव केला. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने थेट निवडणूक परत आणली, विद्यार्थिनींसाठी आणि मागासवर्गीयांसाठी प्रतिनिधित्व ठेवले. २०१९ मध्ये कार्यक्रमही जाहीर झाला, पण विधानसभा निवडणुकीचे कारण सांगून तो पुढे ढकलला गेला. मग कोरोना आला आणि कायद्यातले कलम कायद्यातच राहिले. खुद्द बीड जिल्हा परिषदेची मुदत २०२२ साली संपल्यावर तेथेही पुढची कित्येक वर्षे प्रशासकच बसला. निवडून आलेल्याला जाब विचारता येतो, नेमलेल्याला तो विचारायचा कसा? प्रस्थापितांना हीच व्यवस्था सोयीची वाटते.

तरीही वाट बंद झालेली नाही, हे याच मातीतल्या एका माणसाने दाखवून दिले आहे. बीड जिल्ह्यातील दुकडेगावात पोतराजाच्या घरी जन्मलेले ॲड. एकनाथ आवाड तरुणपणीच पँथरच्या आणि नामांतराच्या चळवळीत आले. पुढे मानवी हक्क अभियान उभे करून त्यांनी मराठवाड्यातील भूमिहीनांचा गायरानाचा लढा लढवला. २०१५ साली ते गेले, पण त्यांच्या लढ्याचा एक धडा विद्यार्थ्यांनी विसरू नये. गायरानाचा लढा मोर्चाइतकाच कागदाने लढवावा लागतो. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ रोजी निघाला. पण ज्याच्या नावाची तलाठ्याच्या दप्तरी, गाव नमुना १-ई मध्ये नोंद नाही त्याने कसलेली जमीन सिद्ध करायची कशी? त्या दप्तराची नक्कल मागणे, ती वाचणे आणि निरक्षर बापाला समजावून सांगणे, हे काम बी. ए. च्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी करू शकतो. ते त्याने केले तर त्याच्या पदवीचा उपयोग नोकरी लागण्याआधीच सुरू झाला!

मताचेही तसेच आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत बीड मतदारसंघाचा निकाल अवघ्या ६,५५३ मतांनी लागला. त्याच वर्षी विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला, ऐन गळीत हंगामाच्या तोंडावर झाले. फडावर गेलेल्यांचे मत बुडाले, पण जे गावात होते त्यांचे तरी नाव यादीत होते काय? आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा वर्षातून चार तारखांना १८ वर्षे पूर्ण करणाऱ्याची नोंद होते. १७ वर्षे पूर्ण झाली की नमुना ६ आगाऊ भरता येतो. पदवी मिळून तीन वर्षे झालेल्यांनी विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघातही नाव नोंदवावे. ती यादी प्रत्येक निवडणुकीला नव्याने तयार होते. मागे नोंदवले होते म्हणून गाफील राहिलेल्याचे नाव तीत येत नाही.

एक गोष्ट बजावून सांगतो. गेल्या काही वर्षांत बीड जिल्ह्यात जातीचे विष इतके भिनले की, २०२५ साली पोलिसांच्या नावांच्या पाट्यांवरून आडनावे काढण्याची वेळ आली. अशा वेळी आमच्या विद्यार्थ्याने आणखी एक जातीचा कंपू काढू नये. वर्गातल्या वंजारी मुलाचे आईबाप त्याच फडात आहेत, मराठा शेतकऱ्याच्या मुलाच्या घरावर कर्ज आहे, मुस्लिम मैत्रिणीची शिष्यवृत्ती तशीच अडकलेली आहे. वसतिगृह, शिष्यवृत्ती, एस. टी. ची वेळ या प्रश्नांवर सर्वांना घेऊन बसणे हीच बंधुतेची तालीम आहे. आणि मुलींना मागच्या रांगेत बसवू नका. २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे अवघ्या ८०७ मुली असलेल्या या जिल्ह्यात ग्रामसभेपूर्वीच्या महिला सभेत एक शिकलेली मुलगी उभी राहिली तर तिचा आवाज साऱ्या गावाला ऐकू जाईल.

चळवळीतील ज्येष्ठांनाही आमचे सांगणे आहे. जयंतीच्या वर्गणीसाठी पोरे हवीत आणि बैठकीत नकोत, हे आता चालणार नाही. रविवारी वंदना झाल्यावर विहारात एक तास मतदार नोंदणीचे आणि माहिती अधिकाराचे अर्ज भरायला बसा. तालुक्याच्या कोर्टातील आमच्या वकील बांधवांनी महिन्यातला एक दिवस त्यासाठी द्यावा. गट कोणताही असो, या कामाला गट लागत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ यातील पहिल्या शब्दावर थांबण्याची मुभा बाबासाहेबांनी कोणालाही दिलेली नाही. येत्या ग्रामसभेला गावी जा. एसटीचे भाडे खर्च होईल, एक दिवस बुडेल. सभेत उभे राहा, आपले नाव सांगा, आणि वस्तीच्या १५ टक्क्यांचा हिशेब विचारा. विचारलेला प्रश्न आणि त्याला मिळालेले उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा, आणि ते लिहिल्याशिवाय खाली बसू नका. जयभीम!