भाडं किती, आणि रिक्षा किती?

शिक्षकांच्या बदल्या, मुलांचे दाखले आणि भाड्याच्या घराची शोधाशोध, आपल्याकडे हे सगळं मे-जूनमध्येच एकदम येतं. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूडकडची कितीतरी कुटुंबं, घरचा कर्ता आखातात असताना, मुलांच्या शिक्षणासाठी अलिबाग-पनवेलला बिऱ्हाड हलवतात. दोन वर्षांपूर्वी आम्हीही म्हसळ्याहून अलिबागला आलो. तेव्हा फक्त भाडं विचारलं.

पहिलं घर शहराबाहेर तीन किलोमीटरवर, भाडं ५,००० रुपये. मालक ओळखीतले, आपलेच. "आपसात कागद कशाला?" म्हणाले, आणि आम्हालाही ते गोड वाटलं. २०,००० रुपये डिपॉझिट रोख दिलं, साधी पावती घेतली नाही. शाळेत जाण्या-येण्याचे रिक्षाचे रोज ८० रुपये. महिन्याचे २५ दिवस धरले तरी २,०००. म्हणजे घर ७,००० चंच झालं. अम्मींना शुगर तपासायला जिल्हा रुग्णालयात न्यायचं तर वेगळी रिक्षा. मुलीची शिकवणी मगरिबनंतर सुटायची, तिला आणायला कुणीतरी जायलाच हवं. हळूहळू अम्मींनी बाहेर पडणंच सोडलं. ते कोणत्या हिशेबात धरायचं?

एप्रिलमध्ये मालकांचा निरोप आला: घर रिकामं करा, सुट्टीत पर्यटकांना द्यायचं आहे. २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो बोट सुरू झाली, आता मुंबईकर गाडीसकट समुद्र ओलांडून येतो. आमचं महिन्याचं भाडं त्यांना शनिवार-रविवारमध्ये सुटणार होतं. त्यांचा हिशेब कळतो. पण मुलीची परीक्षा चालू होती! डिपॉझिट तीन हप्त्यांत परत आलं, शेवटचा दिवाळीत.

या खेपेला एसटी स्थानकापासून बाजार, शाळा, रुग्णालय पायी गाठता येईल एवढ्याच भागात शोधायचं ठरवलं. दोन ठिकाणी खोली पसंत पडली, नाव सांगितलं आणि "कालच कुणीतरी बोलून गेलंय" असं उत्तर मिळालं. खाण्यापिण्याचं कारण इथे कुणी देऊ शकत नाही. अलिबागेत अर्ध्या अंगणांत सोडे वाळतात. तिसऱ्या ठिकाणी एका निवृत्त कारकुनांनी वरचा मजला दिला. नाव ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "पाण्याची मोटर सकाळी सहाला लावायची आहे, चालेल ना?" आम्ही तर फजरपासून जागेच असतो. भाडं ७,०००, डिपॉझिट ३०,०००. कागदाचा आग्रह त्यांचाच.

कागद म्हणजे लीव्ह अँड लायसन्सचा नोंदणीकृत करार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदलेला हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास त्याला ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कागदच नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. हे आम्हाला आदल्या वर्षी ठाऊक असतं तर निदान परीक्षा होईपर्यंत तोंड उघडलं असतं. कायदा मालकाचीही बाजू राखतो: मुदत संपल्यावर घर अडवून बसलात तर भाडं दुप्पट.

आणि खर्च? मुद्रांक शुल्क पाव टक्का: अकरा महिन्यांचं भाडं, अधिक डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेवर. आमचे २०० रुपयांच्या आसपास झाले. नोंदणी फी नगरपालिका हद्दीत १,०००, ग्रामपंचायत हद्दीत ५००. करून देणाऱ्याची मजुरी वेगळी. आधार क्रमांक आणि अंगठ्याचा ठसा देऊन हे ऑनलाइन होतं, दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात खेपा पडत नाहीत. आम्ही एक अट मुद्दाम घातली: दोन्हीकडून एक महिन्याची लेखी नोटीस. डिपॉझिट आणि भाडं बँकेतूनच.

आपसात कागद कशाला म्हणणाऱ्यांना सूरह बकरातली सर्वांत लांब आयत दाखवावी. मुदतीच्या देण्याघेण्याची लिखापढी करा, साक्षीदार ठेवा, हेच तिच्यात सांगितलं आहे. नात्यातल्यांना सूट दिलेली आम्हाला दिसली नाही.

अम्मी आता रुग्णालयात चालत जातात, येताना कोथिंबीर घेऊन येतात आणि ती महाग मिळाली म्हणून कुरकुरतात. करार यंदा एप्रिलमध्ये दुसऱ्यांदा केला. फेब्रुवारीअखेर संपेल, जानेवारीतच मालकांकडे विषय काढायचं ठरवलं आहे.