‘उगाच घाबरवले’ : लघुग्रहांविषयीच्या एका आळशी आक्षेपाविरुद्ध

लघुग्रहाची बातमी आपल्याला दोनच अवस्थांत भेटते. आधी वाहिन्यांवर ‘पृथ्वीवर महासंकट’, आणि आठवड्याभराने समाजमाध्यमांवर ‘शास्त्रज्ञांनी उगाच घाबरवले’. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘२०२४ वायआर४’बाबत हेच घडले. २०३२ मध्ये तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता ३.१ टक्क्यांवर चढली आणि काही दिवसांतच जवळजवळ शून्यावर आली. निवाडा तयारच होता : गणित चुकले. माझे भांडण या दुसऱ्या अवस्थेशी आहे. पहिलीशी भांडण्यात अर्थ नाही. तिचे पोटच त्यावर चालते.

गणित चुकलेले नव्हते. नुकत्याच सापडलेल्या लघुग्रहाचे भविष्यातील स्थान म्हणजे एक बिंदू नसतो, संभाव्य स्थानांचा लांबलचक पट्टा असतो. निरीक्षणे वाढतात तसा तो आक्रसतो. पृथ्वी त्या पट्ट्यात असेपर्यंत तिच्या वाट्याला येणारा हिस्सा वाढत जातो, म्हणून टक्केवारी चढते. पट्टा पृथ्वीवरून सरकला की तीच टक्केवारी कोसळते. आधीचा चढ आणि नंतरची घसरण, दोन्ही एकाच आकडेमोडीतून येतात.

या शास्त्राचा जन्मच अपुऱ्या नोंदींतून झाला. १ जानेवारी १८०१ रोजी पालेर्मो येथे जुझेप्पे पियात्सी यांना सेरेस दिसला. ११ फेब्रुवारीनंतर त्यांची निरीक्षणे थांबली आणि पुढे सेरेस सूर्याच्या तेजात हरवला. चोवीस वर्षांच्या गाऊसने त्या मोजक्या नोंदींवरून कक्षा मांडली आणि वर्ष सरता सरता तो पुन्हा सापडला. आपल्या खंडाचाही यात वाटा आहे : १८६१ मध्ये मद्रास वेधशाळेत नॉर्मन पॉगसन यांनी शोधलेल्या लघुग्रहाचे नाव ‘एशिया’ आहे, कारण आशियातून लागलेला तो पहिला शोध.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला मात्र सर्वांत जवळचे वाटावे असे प्रकरण अपोफिसचे. जून २००४ मध्ये तो सापडला, हरवला, डिसेंबरात पुन्हा दिसला. २७ डिसेंबरला, १३ एप्रिल २०२९ रोजी तो आदळण्याची शक्यता २.७ टक्के निघाली. ती निकालात काढली कोणी? त्याच वर्षीच्या मार्च महिन्यातील जुन्या प्रतिमांनी. त्यांत तो टिपला गेला होता, केवळ तेव्हा कोणाच्या लक्षात आला नव्हता. दप्तरखान्यात धूळ खात पडलेला कागद एखाद्या वादाचा निकाल लावतो, तसेच हे. आता २०२९ मध्ये तो भूपृष्ठापासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून, म्हणजे भूस्थिर उपग्रहांच्याही आतून, सुखरूप जाईल.

‘पण इतिहासात असा आघात कोठे नोंदला आहे?’ हा आणखी एक प्रश्न. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे, आणि ते घडले तेव्हा नोंद करणारे कोणी नव्हते. बेसाल्टच्या प्रदेशातले म्हणून ते दीर्घकाळ ज्वालामुखीचेच मानले गेले. आघाताने काचेसारखी झालेली खनिजे १९७०च्या दशकात ओळखली गेली, तेव्हा वाद मिटला. लेखी नोंद नसणे हा घटना न घडल्याचा पुरावा नव्हे, हे पहिल्या सत्रात शिकवतात.

उरला पैशाचा मुद्दा. सप्टेंबर २०२२ मध्ये ‘डार्ट’ यान डायमॉर्फोसवर आदळवले गेले आणि त्याचा परिभ्रमणकाळ अर्ध्या तासाहून थोडा अधिक घटला. असा धक्का उपयोगी पडायचा तर तो बराच आधी द्यावा लागतो, आणि त्यासाठी कक्षा बरीच आधी ठाऊक असावी लागते.

१५ फेब्रुवारी २०१३ रोजी ‘२०१२ डीए१४’ हा लघुग्रह, वर्षभर आधी माहीत असलेला, भाकितानुसार सुमारे २७,७०० किलोमीटरवरून निघून गेला. त्याच दिवशी, काही तास आधी, रशियातील चेल्याबिन्स्कवर सुमारे वीस मीटरचा एक दगड आकाशात फुटला. तो सूर्याच्या दिशेने आला होता आणि कोणत्याही सूचीत नव्हता. सुमारे दीड हजार लोकांना उपचार घ्यावे लागले, बहुतेकांना फुटलेल्या खिडक्यांच्या काचा लागल्या होत्या.