पाहुणा कुत्रा

दिवाळीत, मे महिन्यात गावी जाणारे शेजारी आपला कुत्रा आठ-दहा दिवस कोणाकडे तरी सोपवतात. दिवसाचे ठरावीक पैसे मिळतात, म्हणून आपल्याही काही घरांना हे काम खुणावते. घरबसल्या मिळकत वाईट नाही; पण 'हो' म्हणण्याआधी सगळ्या घराने एकत्र बसून ठरवावे, असे आम्हाला वाटते.

शिकारीचा, गुरे किंवा शेत राखणारा कुत्रा ठेवण्याची मुभा हदीसमध्ये आहे. नुसत्या हौसेबद्दल इशारा आहे. कुत्र्याने तोंड घातलेले भांडे सात वेळा धुवावे, त्यात एकदा मातीने, हेही सांगितले आहे. शाफई मसलकात अख्खा कुत्राच नापाक, म्हणून कोकणातली घरे त्याच्या ओल्या अंगालाही जपतात. हनफींकडे मुख्य प्रश्न लाळेचा. मोबदल्याविषयी आपल्या आलिमांना विचारावे. एका खोलीच्या घरात, जिथे आजी पाच वेळा मुसल्ला अंथरते, तिथे नकार बरा. अंगण-पडवी असेल तर गोष्ट वेगळी.

ठेवून घेतलाच, तर रेबीजच्या लसीचा दाखला आधी पाहावा, भांडी वेगळी ठेवावीत, लहान मुलांना त्याच्याजवळ एकटे सोडू नये. चावलाच तर जखम साबण-पाण्याने 15 मिनिटे धुऊन लगेच दवाखाना गाठावा.

मात्र मुलांना पाकी-नापाकी शिकवताना दगड मारायला शिकवू नये. तहानलेल्या कुत्र्याला विहिरीतून मोज्यात पाणी भरून पाजणाऱ्याला अल्लाहने माफ केले, ही हदीस त्यांना जरूर सांगावी. शेजाऱ्याला नकार द्यावा लागला, तरी दाराबाहेर वाटीभर पाणी ठेवायला कोणाचीच हरकत नाही.