उत्सर्ग आणि अपवाद : उष्णतेची वाट

उलथण्याचा दांडा लांब कां असतो, हें गृहिणींस सांगावयास नको. टोकांच्या तपमानांतील फरक तोच ठेवून दांडा दुप्पट लांब केला, तर त्यांतून वाहणारी उष्णता निम्मी होते. हा नियम फ्रेंच गणिती फूरिए यानें 1822 सालीं ग्रंथरूपानें मांडिला. त्याप्रमाणें उष्णतावाहकता हा द्रव्याचा गुण. लांबीशीं तिचा संबंध नाहीं.

धातूंत मुख्यत्वें इलेक्ट्रॉन उष्णता वाहतात. इतर स्फटिकांत तें काम अणूंच्या कंपनलहरींचें. त्या परस्परांवर आदळून वारंवार वाट चुकतात, म्हणूनच हा नियम टिकतो.

परंतु अणूंची एकेरी माळच घेतली तर? फर्मी, पास्ता व उलम यांनीं मेरी त्सिंगू यांच्या साह्यानें अशा माळेचें गणित गणकयंत्राकडून करविलें. ऊर्जा सर्व कंपनांत वांटली जाईल ही अपेक्षा. पण ती बहुतेक मूळच्याच कंपनांत परतली, असें 1955 चा अहवाल सांगतो. पुढें 1997 मध्यें लेप्री, लिव्ही व पोलिटी यांनीं गणनेनें दाखविलें, कीं अशा माळेची लांबी वाढवावी तशी वाहकताहि वाढते. कारण दीर्घ लहरींस तेथें अडथळा फार थोडा.

ग्रॅफीन म्हणजे कार्बनच्या अणूंचा एकच थर. 2014 मध्यें प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत त्याच्या अधांतरीं ताणलेल्या पट्ट्या 9 मायक्रोमीटरपर्यंत लांब घेतल्या, तों वाहकता वाढतच गेली. तेव्हां मोठ्या तुकड्यावर मोजलेला आंकडा सूक्ष्म यंत्रांतील पापुद्र्यास जसाच्या तसा लावितां येत नाहीं.

यानें फूरिए खोटा ठरत नाहीं. वैयाकरण उत्सर्गाबरोबर अपवादहि शिकवितात, तो नियमाची सीमा कळावी म्हणूनच.