औषधाला संस्कार हवाच

बिब्बा म्हणजे काय, हे घनसावंगी, अंबड, परतूर या पट्ट्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. लिंबू-मिरचीसोबत तो दारावर टांगला जातो, टाचेत काटा मोडला तर त्याच्या तेलाचा चटका दिला जातो, आणि चांगल्या कामात कोणी विघ्न आणले की त्याने ‘बिब्बा घातला’ असे आपण म्हणतो. ज्या फळाच्या तेलाने अंगावर फोड उठतात, त्याच फळाला आयुर्वेदाने रसायनाचे स्थान दिले. यात विसंगती नाही. कच्चा बिब्बा आणि शुद्ध बिब्बा या वैद्याच्या लेखी दोन भिन्न वस्तू आहेत. त्यांमधील अंतर म्हणजे संस्कार. द्रव्यात नवे गुण उत्पन्न करणे, अशीच चरकाचार्यांची संस्काराची व्याख्या आहे.

बिब्ब्याची टोपी छाटून तो विटेच्या चुऱ्यात घोळतात, चोळतात आणि मग गरम पाण्याने धुतात. वीट दाहक तेल शोषून घेते. हे तेल त्वचेत आणि तोंडाच्या अस्तरात झटकन शिरते, म्हणून बिब्बा घेण्यापूर्वी तोंडाला आतून तूप लावण्याचीही सूचना आहे. कोणता अंश शरीरात जाऊ द्यावा आणि कोणता अडवावा, याचा हा विचार आहे. ‘शोषण’ हा शब्द त्या काळी नसेल, पण प्रश्न तोच होता.

बचनागाचे उदाहरण अधिक गंभीर आहे. हिमालयातील हे मूळ कच्चे पोटात गेले तर त्यातील ॲकोनिटिन हृदयाची लय बिघडवून जीव घेऊ शकते. आपल्याकडे ते गोमूत्रात, नित्य नवे गोमूत्र घालून, तीन दिवस भिजवतात किंवा गाईच्या दुधात उकळतात. चिनी वैद्य त्याच कुळातील ‘फूझी’ मिठाच्या पाण्यात भिजवून पुढे उकळतात. दोन संस्कृती, परंतु रसायन एकच: ॲकोनिटिन फुटून त्याचे कितीतरी सौम्य घटक बनतात. ज्वरावर आपले वैद्य ज्या त्रिभुवनकीर्तीची योजना करतात, तीत बचनाग आहे आणि त्रिकटूही आहे. त्रिकटूतील पिंपळी व मिरी अनेक औषधांचे शोषण वाढवतात. अशा गोळीत बचनाग अर्धाकच्चा राहिला तर चालेल काय?

पिंपळी-मिरीचा हा गुण आपल्याच शास्त्रज्ञांनी जगापुढे मांडला. जम्मूच्या प्रयोगशाळेत त्रिकटूवर झालेल्या संशोधनाची परिणती २००९ मध्ये क्षयरोगावरील एका गोळीत झाली. मिरीतील पायपरीनमुळे तीत रिफाम्पिसिनची मात्रा ४५० ऐवजी २०० मिलिग्रॅम ठेवता आली. त्याआधी १९९८ मध्ये बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी दाखवले होते की, दोन ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पायपरीन दिले तर माणसात त्याची उपलब्धता सुमारे वीसपट होते. आतडे आणि यकृत कर्क्युमिनचा जो निचरा करतात, तोच पायपरीन रोखते.

अभिमान वाटावा असेच हे आहे. पण पाश्चात्त्य व्यापाराने याचे काय केले? हळदीतील एक घटक वेगळा काढला, मिरीतील दुसरा काढला आणि दोन्ही मोठ्या मात्रेत कॅप्सूलमध्ये भरले. इटली आणि अमेरिकेत अशा कॅप्सूल घेणाऱ्यांपैकी काहींच्या यकृताला इजा झाल्याची नोंद आहे. भाजीतील चिमूटभर हळदीवर हा दोष येत नाही. शोषण वाढवणे म्हणजे गुण वाढवणे, हा समज भाबडा आहे, आणि आता तो आपल्या मध्यमवर्गीय घरांतही शिरला आहे.

चीनने आपल्या संस्कारपद्धतीला, त्यांच्या ‘पाओझी’ला, राष्ट्रीय औषधसंहितेत स्थान दिले आणि प्रक्रिया केलेल्या फूझीत विषारी अंश किती चालेल याची मर्यादा आखली. ‘यानहूसुओ’ हा वेदनाशामक कंद ते व्हिनेगरमध्ये शिजवतात. त्यामुळे त्यातील अल्कलॉइडांचे क्षार बनून ते काढ्यात अधिक उतरतात. चौथ्या शतकातील गे होंग या वैद्याने एक वनस्पती उकळण्याऐवजी पाण्यात भिजवून पिळण्यास सांगितले होते. त्या सूचनेवरून तू योयो यांनी १९७१ मध्ये कमी उष्णतेवर अर्क काढला, मलेरियावरील आर्टेमिसिनिन हाती आले आणि २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. साम्यवादी राजवटीने परंपरेची कमी हेळसांड केली असे नव्हे. पण जे वाचले ते त्यांनी मोजले.

आपण काय केले? शोधनाचे विधी आपल्या अधिकृत ग्रंथांतही आहेत. औषध कायद्याच्या ‘ई-१’ परिशिष्टात बिब्बा, बचनाग, कुचला यांची विषारी द्रव्ये म्हणून नोंद आहे आणि ही औषधे वैद्याच्या देखरेखीखाली घेण्याची सूचना वेष्टनावर बंधनकारक आहे. तरीही भ्रमणध्वनीवरून फिरणारे नुस्खे वाचून लोक कच्ची द्रव्ये कुटून खातात. गोमूत्राचा केवळ जयघोष करून भागणार नाही. त्याचा सामू किती, ते किती तास, किती तापमानाला वापरले आणि अखेरीस ॲकोनिटिन किती उरले, हे प्रत्येक घाण्याच्या नोंदवहीत हवे. नांदेडच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयासारख्या संस्थांनी आपल्याच भागातील बिब्ब्यापासून आरंभ केला तर कच्चा माल दूरवरून आणावा लागणार नाही. तोवर, ज्या पुडीवर द्रव्याच्या नावाआधी ‘शुद्ध’ हा शब्द छापलेला नाही, ती दुकानदाराला परत करावी.