दोष सांगावा कसा?

मुलांनो, दुसऱ्याचे दोष शोधून काढण्यास फारशी बुद्धी लागत नाही. परंतु ते त्याच्या उपयोगी पडतील अशा रीतीने सांगण्यास बुद्धीबरोबर अंतःकरणही लागते. हे मी माझ्याच एका चुकीतून शिकलो.

मी मुख्याध्यापक असताना आमच्या शाळेत लिपिकाची एक जागा भरावयाची होती. मुलाखतीस आलेल्यांत एक तरुण होता. हिशेबात तो तरबेज होता. पण अर्जावर तारीख नव्हती, कोणत्या जागेसाठी अर्ज आहे याचा उल्लेख नव्हता आणि ‘मि’, ‘विश्वासु’ असे अशुद्ध शब्द होते. मी तो अर्ज सर्वांसमोर उंच धरून म्हणालो, “ज्याला ‘मी’ लिहिता येत नाही, तो शाळेचे दप्तर काय सांभाळणार?” सगळे हसले. तरुणाने खाली मान घातली, नमस्कार केला व तो निघून गेला. जागा दुसऱ्यास मिळाली, आणि ते योग्यच होते. परंतु त्या तरुणाला माझ्याकडून काय मिळाले? आपण हास्यास्पद आहोत, एवढेच त्याला कळले. अर्ज कसा लिहावा, हे कळलेच नाही.

वास्तविक ते दोन मिनिटांत सांगता आले असते. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम अवघे १८ आहेत. १४ नियम १९६२ साली ठरले व १९७२ साली त्यांत ४ नियमांची भर पडली. मराठी शब्दाच्या शेवटचा इकार किंवा उकार सामान्यतः दीर्घ लिहावा, हा त्यांतील एकच नियम सांगितला असता, तरी त्याचे दोन्ही शब्द शुद्ध झाले असते!

पुढे मी माझी रीत बदलली. निवड न झालेल्या उमेदवारास मी एकट्याला बोलावू लागलो. त्याच्यात जे खरोखर चांगले दिसले, ते आधी सांगू लागलो. मग ‘तुमचा अर्ज गबाळा आहे’ असे न म्हणता, ‘वरच्या कोपऱ्यात तारीख घाला, पहिल्याच वाक्यात जागेचे नाव लिहा’ असे बोट ठेवून दाखवू लागलो. एखादा ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणाला, तर ती त्याची घरची बोली होय. तिला हसणे म्हणजे त्याच्या घराला हसणे. लेखी व्यवहारात प्रमाण भाषा वापरावी, एवढेच त्यास सांगावे.

कोणी म्हणेल, ‘उगाच कशाला दुखवावे? “कळवू” म्हणून वाटेला लावावे.’ हे सौजन्य दिसते खरे. पण असा मनुष्य तीच चूक घेऊन दुसऱ्या दारी जातो आणि तेथूनही परत फिरतो. त्याच्या पोटाचा प्रश्न असताना आपले मौन दयाळूपणाचे कसे म्हणावे?

तुम्हांलाही मित्राची वही तपासण्याचा किंवा त्याचे भाषण ऐकण्याचा प्रसंग येतो. समजा, त्याच्या गालाला शाई लागली आहे. तुम्ही गप्प राहिलात, तर तो तसाच गावभर फिरेल. चारचौघांत ओरडून सांगितलेत, तर शाईचा डाग निघेल. पण मनाला लागलेला डाग निघणार नाही. म्हणून हळूच कानात सांगावे, आणि आपला रुमालही पुढे करावा.