मिरगाआधी तो टेप दुरुस्तीला न्या

माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उतरवली, तेव्हा तळाशी अकरा कॅसेट निघाल्या. वरच्या कागदी पट्टीवर वडिलांच्या अक्षरात, निळ्या शाईने लिहिलेलं: ‘जत्रा, रात्र, भाग ३’. गावाचं नाव लिहायची त्यांना गरज वाटली नव्हती. जत्रा म्हणजे आपलीच. शेजारी त्यांचा टेपरेकॉर्डर होता. प्लग लावला, लाल दिवा लागला. बटण दाबलं, तर आत मोटर घरघरत होती आणि कॅसेटची चाकं जागची हलत नव्हती. घरात सगळ्यांचं एकच मत पडलं, भंगारात द्या.

मी तो उचलून मालवणच्या बाजारात नेला. तिथे सत्तरी ओलांडलेले एक काका अजून रेडिओ-टेप दुरुस्त करतात. आधी त्यांनी मला सुनावलं. वर्षानुवर्षं पडून राहिलेलं यंत्र थेट विजेला जोडायचं नसतं. त्यांच्या टेबलावर सिरीज बोर्ड होता. शंभर वॉटचा जुना, तारेचा बल्ब मध्ये घालून ते यंत्राला वीज देतात. आत कुठे शॉर्ट असेल, तर बल्ब पूर्ण पेटतो आणि यंत्र वाचतं. सगळं ठीक असेल, तर तो क्षणभर उजळून मंदावतो. एलईडीने हे काम होत नाही, म्हणून तारेचे दोन बल्ब त्यांनी कापसात गुंडाळून ठेवलेत.

मग मागचे स्क्रू निघाले. त्यांनी आत चाचपलं आणि डांबराने माखल्यासारखं काळं बोट वर धरलं. “बेल्ट इरगाळलो हा. मोटर बरी आसा. कित्याक टाकतंस?”

रबराचा एक बारीक बेल्ट. एवढ्यासाठी आम्ही ते यंत्र किलोच्या भावाने देणार होतो. त्यांनी पुलीला चिकटलेलं रबर स्पिरिटने कणाकणाने पुसलं, हेड साफ केलं, नवा बेल्ट चढवला. चाकं फिरली, पण आवाजाआधी एक जाड घूं आली. काका डोळे मिटून ऐकत राहिले. आपली वीज ५० सायकलची. वायरीचं अर्थिंग सुटलं, तर घूं त्या खालच्या पट्टीत येते. पॉवर सप्लायचा कंडेन्सर गेला, तर ती १०० सायकलवर, दुप्पट वरच्या पट्टीत येते. “कंडेन्सर,” ते म्हणाले, आणि मग मीटर लावला तो फक्त खात्रीसाठी. कंडेन्सरच्या आतलं रसायन वाळलं होतं आणि डोकं किंचित फुगलं होतं. तो बदलला, पण मध्येमध्ये आवाज तुटत होता. पेन्सिलच्या टोकाने सर्किटवर टकटक करत त्यांनी सुटलेला जोड शोधला. खाऱ्या वाऱ्याने तांब्यावर हिरवा गंज चढला होता. तो खरवडून सोल्डर मारलं.

आणि घूं थांबली. झांज वाजली. पायपेटीच्या सुरामागून पखवाज आला, मग राजाचं पात्र बोलू लागलं, आणि त्याच्या वाक्यावर हसणाऱ्या गर्दीत माझ्या आजीचं हसू मला स्पष्ट ओळखू आलं.

हे सगळं एवढ्या तपशिलाने सांगतोय, कारण जत्रेतल्या दशावतारी नाटकाला छापील संहिता नसते. सुरुवातीचा आडदशावतार झाला की रात्री आख्यान उभं राहतं, आणि त्यातला संवाद नट रंगमंचावर उभ्या उभ्या रचतो. पुराण ठाऊक, प्रसंग ठरलेला, शब्द मात्र त्या रात्रीचे. डबलबारीच्या भजनातही समोरच्या बुवाला दिलेलं उत्तर तिथल्या तिथे सुचलेलं असतं. ते उत्तर कुठल्या वहीत सापडणार? नेरूरचे दशावतारी नट, लोकराजा सुधीर कलिंगण २०२२ मध्ये गेले. त्यांची नाटकं आज मोबाइलवर तरी पाहता येतात. पण त्यांचे वडील बाबी कलिंगण यांच्या पिढीचं जे काही गावोगावच्या रसिकांनी टिपलं, ते फितीवर. ९० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची, म्हणून कोणीतरी घड्याळ बघत रात्रभर टेपजवळ बसायचं आणि बाजू उलटायचं. त्या जागलेल्या माणसांनी आपल्यासाठी ठेवलेली ही एकुलती एक प्रत आहे.

कॅसेटची फीत चार मिलिमीटरहूनही अरुंद. प्लॅस्टिकच्या पट्टीवर लोहाच्या ऑक्साइडचा थर, आणि तो धरून ठेवणारा चिकटा. दमट हवेत हा चिकटा पाणी शोषून सैल होतो, फितीवर पांढरी बुरशी धरते. आपल्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, उरलेले महिने समुद्राची खारी हवा. देवबाग-तारकर्लीला तर खिडकीची बिजागरीही टिकत नाही. अशा हवेत माळ्यावर कॅसेट जपून ठेवली आहे, हा आपला समज खोटा आहे. ती तिथे दर पावसाळ्यात थोडी थोडी मरते.

आणि तिला बोलतं करणारे हातही कमी होत आहेत. त्या काकांनंतर ते टेबल कोण चालवणार? त्यांचा मुलगा मोबाइल विकतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, चांगलं झालं. पण टेप बनवणंच ज्यांनी सोडून दिलं, त्यांच्याकडे आपण कुठला हक्क मागणार? इथे लागते ती कानाने घूं ओळखणारी विद्या, आणि ती शेजारी बसूनच शिकता येते.

म्हणून ज्यांच्या हातात काही करणं आहे, त्यांना सांगतो. मालवणच्या शासकीय तंत्रनिकेतनातल्या मुलांनो, तुमच्या प्रकल्पाला विषय हवा असतो ना? बाजारातल्या अशा एखाद्या काकांपाशी महिनाभर बसा आणि त्यांचं बोलणं लिहून काढा. २००९ साली ॲमस्टरडॅममध्ये पहिला रिपेअर कॅफे भरला. लोक बिघडलेल्या वस्तू घेऊन आले आणि जाणत्यांच्या शेजारी बसून दुरुस्त करून गेले. असा एक रविवार मालवणात, एक कुडाळात भरवायला काय लागतं? चार टेबलं, सिरीज बोर्ड, स्पिरिट, सोल्डर. मालवणचं नगर वाचन मंदिर आणि सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर यांनी पुस्तकं जपली, तशी या फितींच्या डिजिटल प्रतींसाठी एक कपाट आणि एक संगणक द्यावा. नाट्यमंडळांनी आणि भजनी बुवांनी ऐकून पात्रं, गाव, साल सांगावं. आवाज ओळखणारी माणसं आज आहेत.

घरी कॅसेट सापडली, तर घाईने वाजवू नका. आधी तिच्या कडेच्या दोन छोट्या पट्ट्या मोडा, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरं काही टेप होणार नाही. बुरशी दिसली, तर ती चांगल्या टेपात घालू नका. हेड खराब होईल आणि बुरशी पुढच्या कॅसेटला लागेल. टेपही स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरात वीज उरते. कॅसेट उभ्या ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात. आणि यंत्र वजनावर विकू नका. ते चालत नसलं, तरी त्याची मोटर, त्याचं हेड दुसऱ्या एखाद्या टेपाला लागेल.

मुंबईकरांनो, मे महिन्यात तुम्ही गावी येता. या वेळी आंबे उतरवाल, तेव्हा माळ्यावर एकदा चढा. ट्रंक उघडा. आत जे सापडेल ते आणि शेजारचा बंद टेप पिशवीत घालून बाजारात न्या. जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर मिरग लागतो.